कुलंट जातंय कुठं तेच कळेना, हेड उतरवायच्या आधी कुणीतरी सांगा

कृष्णाकाठ७१

नमस्कार मंडळी. गाडी २००६ ची, ११०० सीसी पेट्रोल, चार सिलेंडर, १ लाख १८ हजार किमी झालेत. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, मागच्या वेळी लिहिलं तर माझा प्रश्न राहिला बाजूला आणि लोक कंपनीवरून चार पानं भांडत बसले. तर प्रॉब्लेम असा की कुलंट, म्हणजे रेडिएटरमधलं इंजिन गार ठेवणारं पाणी, कमी होतंय आणि गाडीखाली एक थेंब पडत नाही. पार्किंगला पांढरी फरशी आहे, पडला असता तर दिसलाच असता, एकदा रात्रभर पुठ्ठा पण टाकून बघितला, सकाळी कोरडाठाक.

पहिल्यांदा कळलं ते मे महिन्यात. गुहागरला मावशीकडं गेलो होतो, येताना चार माणसं, डिकीत आंब्याच्या तीन पेट्या, एसी चालू. पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढायला लागलो तसा टेंपरेचरचा काटा अर्ध्याच्या वर सरकायला लागला. एसी बंद केला, काचा खाली केल्या, तरी चढतोयच, पार एच (गरम) च्या जवळ गेला, आणि मग एका वळणावर एकदम झपकन खाली, सी (थंड) वर. मला वाटलं चला, झाली थंड, म्हणून तशीच दामटली पुढं किलोमीटर दीड किलोमीटर आणि मग बॉनेटच्या फटीतनं वाफ. थांबलो. रिझर्व्ह बाटली बघतोय तर मॅक्सच्या खुणेला टेकलेली, म्हणून पाणी कमी असेल असं डोक्यातच आलं नाही. पाऊण तासानं एक टेंपोवाला थांबला, त्यानं फडकं धरून रेडिएटरचं झाकण हळूहळू उघडलं, आत बघितलं तर खडखडाट. दोन बाटल्या आणि वर थोडं, सव्वादोन लिटर तरी पाणी बसलं. तिथनं एसी बंद ठेवून हळूहळू घरी कराडला आलो.

मग गॅरेज सुरू झालं. मेस्त्रीनं आधी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह, काढूनच टाकला, म्हणला आपल्या हवेत लागतच नाही. मग रेडिएटर रॉडिंग करून, म्हणजे आतल्या नळ्या सळईनं साफ करून आणला. वरचा होज (रबरी पाइप) नवीन. आता गाडी गरम होत नाही पण दर आठ-दहा दिवसांनी रेडिएटरमध्ये अर्धा लिटर घालावं लागतं. काल मेस्त्री म्हणला, इंजिन पाणी खातंय, हेड गॅस्केट गेलंय, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग. पुरावा म्हणून ऑइल भरायच्या झाकणाच्या आत, ऑइलमध्ये पाणी मिसळलं की होते तशी पांढरी मलई लागलेली दाखवली आणि रेडिएटरमध्ये पाणी भरताना येणारे बुडबुडे दाखवले. हेड उतरवून फेस करून (तळ घासून सपाट करून) गॅस्केट टाकून १८ हजार सांगतोय. गाडीची किंमतच आता साठेक हजार असेल. करू का नको?

बॉनेट_वर

हेड गॅस्केट. झाकणाखाली मलई म्हणजे विषय संपला. करून घ्या, उशीर केलात तर बेअरिंगं पण जातील.

संत्रानगरी

भाऊ विकून टाका. अठरा हजार म्हणतोय म्हणजे पंचवीस होतात, हेड उतरल्यावर व्हॉल्व्ह सील, टायमिंग बेल्ट, अमुक तमुक निघतंच. आमच्याकडे नागपुरात मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो, माझ्या जुन्या गाडीला मी तीन उन्हाळे असाच खर्च करत बसलो बाप्पा, शेवटी भंगारात दिली.

फिटरकाका

एवढ्यात हेड उतरवू नका. ३१ वर्षं हात काळे केलेत, मलई बघून हेड उतरवणारे पण बघितलेत आणि उतरवल्यावर गॅस्केट कोरं करकरीत निघालेलं पण बघितलंय.

आधी काट्याचं बोलतो, कारण ते सगळ्यांनी वाचावं. टेंपरेचरचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवर खरं सांगतो. पाणी खाली गेलं आणि सेन्सर उघडा पडला की त्याला नुसती हवा लागते, काटा झपकन खाली येतो. म्हणजे घाटात काटा सी वर आला तेव्हा गाडी थंड नव्हती झाली, पाणी संपलं होतं. त्यानंतर तुम्ही दीड किलोमीटर चढ मारलात. अल्युमिनियमचं हेड असणार, वाकलं नसलं तर नशीब तुमचं. परत कधी असं झालं तर जागेवर गाडी बाजूला, इंजिन बंद.

दुसरं, बाटली. बाटली भरलेली म्हणजे रेडिएटर भरलेला असं नसतं. गरम झालं की पाणी फुगतं, झाकणाचा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह उघडतो, जास्तीचं बाटलीत जातं. थंड झालं की आत ओढ तयार होते आणि झाकणाच्या मधल्या छोट्या व्हॉल्व्हमधनं बाटलीतलं पाणी परत आत येतं. पण सिस्टीमला कुठंही बारीक भोक असलं तर थंड होताना तिथनं हवा ओढली जाते, बाटलीला कोण विचारतंय. रेडिएटर रिकामा होत जातो आणि बाटली आहे तिथंच. याचा अर्थ लीक आहे, नाहीतर झाकण गेलंय. तुमच्या टेंपोवाल्याला हे माहीत होतं.

आता मलई. मला सांगा, रोज किती चालते गाडी? आणि डिपस्टिकवर ऑइल कसं दिसतंय? आणि थर्मोस्टॅट काढल्यापासून काटा कुठवर येतो? सायलेन्सरमधनं इंजिन पूर्ण गरम झाल्यावर पण पांढरा धूर येतो का? सकाळचा धरू नका.

दगडी_पूल

काकांना अनुमोदन. तोवर एक जुना उपाय, ट्रकवाले रेडिएटरमध्ये हळद टाकतात, बारीक लीक बंद होतं. आमच्या वडिलांनी मुंबई-गोवा रोडवर केलंय, गाडी घरापर्यंत आली.

फिटरकाका

आली असेल, आमच्या वेळी आम्ही पण टाकायचो. हळद भोकात बसते तशी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत पण बसते. यांनी आत्ताच रॉडिंगला पैसे घातलेत, त्यात परत हळद नको. आडरानात अडकलात तर गोष्ट वेगळी. दुकानात मिळतं ते लीक बंद करायचं लिक्विड पण त्याच जातीचं.

कृष्णाकाठ७१

काका, धन्यवाद, काट्याचं वाचून पोटात गोळा आला. उत्तरं देतो. रोज ऑफिस ३ किमी जाणं, ३ किमी येणं, बाकी रविवारी कुठं गेलो तर. डिपस्टिकवर ऑइल काळंच आहे, मलई नाही, लेव्हल पण वाढलेली नाही. थर्मोस्टॅट काढल्यापासून काटा पाव भागाच्या वर येतच नाही, आणि हां, अ‍ॅव्हरेज १६ चं १३ वर आलंय, मी म्हणत होतो पेट्रोलमध्ये काहीतरी असेल. धूर सकाळी दोन मिनिटं, नंतर नाही.

बाकी गाडीत दुसरं काही नाही हो, व्यवस्थित आहे. पावसाळ्यामुळं पुढची काच आतनं सारखी धुरकट होते, पुसली तरी तेलकट फराटे राहतात, पण ते सगळ्यांचंच होत असेल. आणि फेब्रुवारीत गुऱ्हाळातनं काकवीचा पाच किलोचा डबा आणला होता तो डाव्या सीटच्या पायाशी ठेवला होता, तो थोडा सांडला असणार, तेव्हापासून गाडीत गोडसर वास राहिलाय. बायकोनं दोनदा मॅट धुतल्या, पायाखालचा रबर अजून चिकट लागतो. आई म्हणते डबा सांडलाच नव्हता, पण ती आता ७४ ची आहे, सोडून द्या.

मागची_सीट

थांबा थांबा थांबा. काकवी फेब्रुवारीतली आणि वास जुलैत?

दादा, तुमच्या आईचं बरोबर असणार. तो वास काकवीचा नाही, कुलंटचा आहे. कुलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, गरम झालं की गोडसर वास येतो, पाकाला चटका लागल्यासारखा. तेलकट काच, चिकट मॅट, गोड वास, बाहेर थेंब नाही, हे सगळं एकत्र म्हणजे हीटर कोअर गळतोय. डॅशबोर्डच्या आत एक वहीएवढा छोटा रेडिएटर असतो, इंजिनचं गरम पाणी त्यातनं फिरतं. तो फुटला की वाफ ब्लोअरबरोबर काचेवर जाते आणि उरलेलं डाव्या पायाशी उतरतं, बाहेर काही दिसतच नाही. माझ्या गाडीत अगदी हेच झालेलं, मी दोन महिने एसीचं पाणी समजून पुसत होते. एसीचं पाणी असतं तर पारदर्शक आणि बिनवासाचं असतं, बोटात चोळलं तर गुळगुळीत लागत नाही.

आत्ता खाली जा आणि रबराची मॅट नाही, त्याच्या खालचं कार्पेट उचला, त्याच्या पण खाली जाड नमद्यासारखा थर असतो, त्यात हात घाला. कुठल्या रंगाचं कुलंट आहे?

बॉनेट_वर

ताई, कराडमध्ये हीटर लावतंय कोण? वापरलाच नाही तर खराब कसा होईल? हेड गॅस्केटच आहे, लिहून ठेवा.

मागची_सीट

न वापरला तरी होतो. बऱ्याच गाड्यांत हीटरचा नॉब बंद असला तरी पाणी कोअरमधून फिरतच असतं, नॉबनं फक्त हवेची झडप उघडझाक होते. काही गाड्यांत पाण्याचा कॉक असतो, तिथं तर तेच पाणी आत वर्षानुवर्षं साचून राहतं. आणि आपण घालतो काय? बोअरचं पाणी. क्षार धरतात, अल्युमिनियम आतून खातात.

कृष्णाकाठ७१

जाऊन आलो. पावसात छत्री धरून, बायको वरनं विचारतेय काय हरवलंय.

सीट मागं सरकवली, दाराजवळची प्लास्टिकची पट्टी उचकटली, कार्पेट ओढलं. वरनं कोरडं, खाली तो थर पिळला तर ओंजळभर पाणी निघालं. हिरवं. फिकट हिरवं, बोटाला साबणासारखं. आणि वास तोच. हीटरच्या पेटीच्या खालच्या कडेला एक हिरवट पांढरी खपली धरलीय, नखानं निघते. मी पाच महिने याच्यावर पाय ठेवून बसवलं आईला.

मागची_सीट

झालं तर मग! तो थर काढून उन्हात वाळवा, ऊन पडेल तेव्हा. आणि ते पाणी अंगणात फेकू नका, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात, विष आहे ते.

फिटरकाका

ताईंनी बरोबर पकडलं, माझ्या नजरेतनं काकवी सुटली. पण बाळा, एक लीक सापडलं म्हणून दुसरं नाही असं नसतं. घाटातला तो दीड किलोमीटर मला अजून खुपतोय. हेड उतरवायचं नाही पण तपासायचं. मोठ्या गॅरेजात दोन गोष्टी करून घे. एक, हातपंपाचा प्रेशर टेस्टर रेडिएटरच्या तोंडाला लावायचा, झाकणावर जो आकडा असेल, ०.९ किंवा १.१, तेवढंच प्रेशर द्यायचं, जास्त नाही, आणि पंधरा मिनिटं बघत बसायचं. त्याच वेळी वॉटर पंपाच्या खालचं बारीक भोक, होजच्या क्लिपा, ब्लॉकवरच्या पत्र्याच्या गोल वाट्या, सगळीकडं बॅटरी मारून बघायचं, वाळलेले हिरवे डाग शोधायचे. दोन, ब्लॉक टेस्ट, रेडिएटरच्या तोंडाशी निळं पाणी भरलेली काचेची नळी धरतात, इंजिन चालू. पेट्रोल गाडीत सिलेंडरचा गॅस पाण्यात येत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. पाचेकशे रुपयाचं काम आहे, अठरा हजाराच्या आधी पाचशे घाल.

आणि मलई कुठनं आली ते पण सांगतो. तीन किलोमीटरमध्ये इंजिन गरम व्हायच्या आधी ऑफिस येतं. ऑइलमधली वाफ उडत नाही, थंड झाकणावर जाऊन बसते. त्यात मेस्त्रीनं थर्मोस्टॅट काढला, म्हणजे इंजिन आता कधीच पुरतं तापत नाही. इंजिनला वाटतं आपण थंडच आहोत, पेट्रोल जास्त ओततं, म्हणून १६ चं १३. म्हणजे मलई त्यानंच तयार केली आणि पुरावा म्हणून तुला दाखवली. मुद्दाम केलं असं म्हणत नाही, पण तपासायच्या आधी पार्ट काढायची सवय वाईट. गरम होते म्हणून थर्मोस्टॅटवर संशय असला तर पातेल्यात पाणी घेऊन त्यात दोऱ्यानं टांगायचा, थर्मामीटर धरायचा. वर ८२ लिहिलं असेल तर ८२ च्या आसपास उघडायला लागतो. नाही उघडला तर नवा टाकायचा, मोकळा नाही सोडायचा.

बुडबुड्यांचं पण तसंच, नुकतं पाणी भरलं की अडकलेली हवा येणारच. दहा-पंधरा मिनिटांनी थांबली तर हवा, न थांबता येतच राहिली आणि गार इंजिन चालू केल्या केल्या वरचा होज दगडासारखा कडक झाला तर मग गॅस्केट.

बॉनेट_वर

ठीक आहे, टेस्ट करून सांगा. पिवळं झालं तर चहा तुमच्याकडं.

कृष्णाकाठ७१

आठवडा झाला, सगळं सांगतो. दुसऱ्या गॅरेजात नेली. प्रेशर टेस्टर ०.९ ला लावला, पंधरा मिनिटांत ०.५ वर आला. बाहेर सगळं कोरडं, पंप कोरडा, होज कोरडे. मग त्या पोरानं मला आत बसवलं आणि सांगितलं कान लावा. ग्लोव्ह बॉक्स काढलेला होता. दोन मिनिटं काही नाही आणि मग टप्. मग परत टप्. पायाशी हिरवा थेंब. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांनी बघितला.

मग त्यानं इंजिनच्या बाजूनं हीटरला जाणारे दोन होज काढले, एकमेकांना पितळी नळीनं जोडले, म्हणजे हीटर बाजूला. परत प्रेशर. काटा ०.९ वर गेला आणि तिथंच, वीस मिनिटं हलला नाही. ब्लॉक टेस्ट केली, निळ्याचं निळंच. कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) पण बघितलं, चारही सिलेंडर १६० ते १७० पीएसआयच्या मध्ये, म्हणजे जवळपास सारखेच. चहा राहिला तुमच्याकडं, बॉनेट_वर.

थर्मोस्टॅट नवा टाकला, झाकण नवं टाकलं, जुन्याचं रबर पापडासारखं झालेलं. आता प्रश्न असा की होज जोडलेलेच ठेवू का कोअर बदलू? कोअर २२०० आणि डॅशबोर्ड उतरवायची मजुरी ४००० म्हणतोय. हीटर तर आपण वापरत नाही.

संत्रानगरी

जोडलेलंच ठेवा न भाऊ, चार हजार कशाला घालता. माझा विकायचा सल्ला मागे घेतो.

मागची_सीट

मी कोअर बदलला. दोन कारणं. पावसात काच आतून धरली की गरम हवेनं पटकन सुटते, नुसत्या एसीनं पण सुटते पण पुढच्या काचेवर गार हवा मारली की बाहेरून धुकं धरतं, मग वायपर मारत बसा. आणि दुसरं, घाटात कधी काटा चढायला लागलाच तर हीटर फुल्ल करून काचा उघडल्या की इंजिनची थोडी उष्णता आत घेता येते, तेवढ्यात थांबायला जागा शोधायची. आत्ता घाई नाही, पण डॅशबोर्ड कशासाठी तरी उतरला तर त्याच वेळी करा.

फिटरकाका

मी पण तेच म्हणेन, दिवाळीपर्यंत असंच चालव. फक्त ती पितळी नळी आणि क्लिपा महिन्यानं एकदा बघ, गार इंजिनवर. आता सगळं जुनं पाणी काढून कुलंट भर. तयार मिसळलेलं मिळतं ते सरळ ओतायचं, घट्टवालं आणलं तर निम्मं कुलंट आणि निम्मं बॅटरीचं पाणी, बोअरचं अजिबात नाही. निम्मं-निम्मं मिसळलं की ते साध्या पाण्यापेक्षा उशिरा उकळतं आणि झाकणाच्या प्रेशरखाली १२० च्या पण वर जातं, घाटात तेच वाचवतं. भरताना तोंड चढाला करून गाडी लाव, झाकण उघडं, फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेव, पाणी खाली जाईल तसं घालत राहा. नंतरचे आठ दिवस रोज सकाळी गार असताना रेडिएटरचं झाकण उघडून आत बघ, बाटलीवर विश्वास नको.

कृष्णाकाठ७१

काका, आज दहावा दिवस. रेडिएटर तोंडापर्यंत आहे, बाटली रोज थोडी खालीवर होते, म्हणजे ओढ चालू झाली. अ‍ॅव्हरेज अजून मोजलं नाही. झाकणाखालची मलई पुसून रविवारी सातारला जाऊन आलो, परत धरली नाही.

आईला सांगितलं की काकवी नव्हती, गाडीचं पाणी गळत होतं. ती म्हणली, डब्याचं झाकण मी स्वतः फडकं लावून बांधलं होतं, मी फेब्रुवारीपासून सांगत्येय. मग तिनंच विचारलं, म्हणजे त्या मॅट दोनदा कशाला धुतल्या सूनबाईनं?